हेल्वीने बसवलेला बोल्ट

आमच्या होंकावारा गावात रायफलीवरून जितकी भांडणं झाली तितकी शेताच्या हद्दीवरूनही झाली नसतील. भांडण एकच, दर वर्षी तेच: जुनी चांगली की नवी. दोन्ही आमच्याच गावच्या कारखान्यातल्या, दोन्हींचं नाव एक, दोन्ही बोल्ट मागे-पुढे करून काडतूस भरायच्या. तरी जुनीवाले नवीला प्लास्टिकचा डबा म्हणायचे आणि नवीवाले जुनीला म्हातारीची काठी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

जुनीवाल्यांची पुढारी होती हेल्वी कुर्विनेन. मी शिकार मंडळाचा सेक्रेटरी, म्हणजे कागदांचा हमाल, त्यामुळे मला सगळ्यांशी गोड राहावं लागतं. पण खरं सांगायचं तर या गावात मला कुणाचा अभिमान वाटत असेल तर तो हेल्वीचा. का, ते सांगतो. गोष्ट तिच्या मोठेपणाची असली तरी तिच्या चुकीची आहे.

हेल्वी सतराव्या वर्षी कारखान्यात लागली ती खोकी बांधायला. बोल्ट बसवायच्या खोलीत तेव्हा अकरा पुरुष होते आणि बाईमाणसाने तिथे फक्त फरशी पुसायला जायचं अशी पद्धत होती. हेल्वी फरशी पुसता पुसता बघायची. एक दिवस फोरमन जेवायला गेला असताना तिने त्याच्या टेबलावरचा अर्धवट बोल्ट उचलला आणि पुरा केला. फोरमन आला, त्याने तो रायफलीत घालून बंद केला, उघडला, परत बंद केला, आणि एक स्टूल ओढून तिच्याकडे सरकवलं. आमच्याकडे कौतुक याहून जास्त करत नाहीत.

काम असं होतं. बोल्टाच्या पुढच्या टोकाला दोन कान असतात. बोल्ट फिरवला की ते कान रायफलीच्या आतल्या खाचेत अडकतात आणि गोळी सुटतानाचा सगळा दणका तेच झेलतात. जुन्या काळी यंत्रं काही इतकी नेमकी नव्हती, त्यामुळे प्रत्येक रायफलीची खाच केसभर वेगळी. मग मेणबत्तीवर बोल्टाच्या कानांना काजळी धरायची, बोल्ट आत घालून बंद करायचा, बाहेर काढून बघायचं की काजळी कुठे पुसली गेली. जिथे पुसली तिथे बारीक दगडाने घासायचं. परत काजळी, परत आत. दोन्ही कानांवरची काजळी सारखी पुसली गेली की त्या बोल्टाचं त्या रायफलीशी लग्न लागलं. मग बोल्टाच्या दांडीखाली सुईने रायफलीच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे कोरायचे, म्हणजे नवरा-बायकोची चुकामूक व्हायला नको.

हेल्वीने बसवलेला बोल्ट करंगळीने बंद व्हायचा. उणे वीसमध्ये, जाड हातमोज्यांतही. तीस वर्षं तिने हेच केलं आणि गावातल्या निम्म्या जुन्या रायफली तिच्या हातच्या आहेत.

मग नवी आली. काचेमागचं यंत्र पोलाद असं कापायचं की कुठलाही बोल्ट कुठल्याही रायफलीत बसेल. काजळी नको, दगड नको, हेल्वी नको. बोल्टाची खोली बंद झाली. निरोपाला केक कापला आणि प्रत्येकाला एकेक काचेचा बाउल दिला. हेल्वीने त्या बाउलात वीस वर्षं कुत्र्याला जेवण घातलं.

आता मी दोन्ही वापरल्या आहेत, आणि ज्याला दोन्हींची सवय असते त्याला कुणीच विचारत नाही. नवी हलकी, पावसात फुगत नाही, गंजत नाही, आणि दुकानातून आणल्या दिवशी पंचाहत्तर मीटरवर तिन्ही गोळ्या एका बशीत घालते. जुनीचा अक्रोडाचा दस्ता ओल धरतो आणि मग नेम सरकतो. पण जुनीचा बोल्ट ओढून बघा. लोण्यातून सुरी. आणि काडतूस मागून असं घट्ट धरते की रायफल उलटी केली तरी सोडत नाही. नवीत ते काडतूस बोल्टाच्या पुढे मोकळंच पळतं. घाईत बोल्ट अर्धाच ओढलात तर दोन काडतुसं एकावर एक चढतात आणि तुमचा मूस, म्हणजे आमच्याकडचा घोड्याएवढा सांबर, तुमच्याकडे बघत निघून जातो. हे माझं झालं आहे, म्हणून सांगतो.

नवीवाल्यांचा पुढारी ताइस्तो. ट्रॅक्टर दुरुस्त करतो, आवाज ट्रॅक्टरचा, मन वाईट नाही. तोही आधी जुनीच वापरायचा, हेल्वीच्याच हातची. एका हिवाळ्यात त्याने नवी घेतली आणि देव सापडल्यासारखा तिच्याबद्दल बोलायला लागला. जुनीचा बोल्ट हल्ली जड जातो, बंद करताना जोर लावावा लागतो, असं तो म्हणायचा. हेल्वी म्हणायची, बोल्ट जड नाही झाला, तुझा हात बोथट झाला. गाढवाला गुळाची चव काय, असा भाव चेहऱ्यावर आणून ती कॉफी ओतायची.

मंडळाच्या लाकडी झोपडीत एक रिवाज आहे. जंगलातून आलं की रायफल दाराशी टेकवायची आणि बोल्ट काढून खिडकीच्या फळीवर ठेवायचा. बोल्टाविना रायफल म्हणजे नुसता पाइप, मग आत निवांत कॉफी घ्या, सॉसेज भाजा. आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी सगळ्या जुन्या रायफलींचे बोल्ट हेल्वी पुसायची, तेल लावायची आणि ज्याचा त्याला परत द्यायची. चौदा बोल्ट, एका ओळीत. नंबर कधी बघायची नाही. हातात धरला की कळतं, म्हणायची. आईने पोरांना नाव विचारायचं असतं का. आम्हाला ते ऐकायला आवडायचं. पाहुणा आला की आम्ही मुद्दाम तिला डोळे मिटायला लावून बोल्ट ओळखायला सांगायचो.

आता ओइवाबद्दल सांगायला हवं. ओइवा माणूस सरळ, बोलणं कमी, रायफल जुनी, हेल्वीच्या हातची, ठिय्या सात नंबरचा. सात नंबर म्हणजे दलदलीच्या कडेची जागा, जिथे हाका सुरू झाला की मूस नव्वद टक्के वेळा येतोच. तो ठिय्या त्याच्या बापाचा होता आणि त्याने तो सोडला तोवर त्या जागी कुणी दुसरा बसला नव्हता. एका शरदात त्याच्यासमोर मोठा नर येऊन उभा राहिला. ओइवाने चाप ओढला आणि फक्त टक् असा आवाज झाला. पुढच्या वर्षी परत दोनदा तसंच.

तो म्हणाला, रायफल उडाली नाही. कुणी ऐकलं नाही. उन्हाळ्यातल्या नेमबाजीच्या परीक्षेत तीच रायफल चारही वेळा उडाली होती ना. कुणी म्हणालं, काडतुसं घरी भरतोस, ओली असतील. कुणी म्हणालं, भरायलाच विसरला. ताइस्तोने सगळ्यात चांगला विनोद केला: ओइवाचा मूस अजून जंगलात आहे, आता पेन्शन घेतो. आम्ही सगळे हसलो. मी जास्त हसलो असेन, कारण मला विनोद करता येत नाहीत.

ओइवा रायफल घेऊन हेल्वीकडेही गेला होता. एकदा बघ म्हणाला. हेल्वीने डोळे मिटून बोल्ट करंगळीने बंद केला, उघडला, आणि रायफल त्याच्या हातात परत दिली. माझा बोल्ट दगा देत नाही, काडतुसं बघ तुझी, एवढंच म्हणाली. त्यानंतर ओइवाने स्वतःच ठिय्या सोडला. दर वर्षीच्या मेजवानीचं सूप मी बघतो, म्हणाला. आठ वर्षं तो समाजमंदिराच्या मागच्या खोलीत बटाटे सोलत राहिला आणि नवव्या वर्षी फेब्रुवारीत गेला. सूप छान करायचा.

नोव्हेंबरात त्याची बायको लेम्पी हिने मला आणि हेल्वीला बोलावलं. रायफल मुलीच्या नावावर करायची होती. तुइरे, ती मुलगी, कूओपियो शहरात नर्स आहे आणि शिकारीची परीक्षा पास झाली होती. मी कागद भरणार, हेल्वी रायफल पुसून देणार, लेम्पी वेलचीचा पाव देणार. कागदाच्या बाबतीत मी किडा आहे. नळीचा नंबर लिहिला आणि म्हणालो, बोल्टाचाही वाच. हेल्वी म्हणाली, कशाला, तोच असणार. मी म्हणालो, असू दे, वाच. तिने चष्मा लावला, दांडीखालचं जुनं ग्रीस नखाने काढलं आणि आकडे वाचले.

नळीवर होतं तीन आठ सहा. बोल्टावर तीन सहा आठ.

मला वाटलं ती उलटं वाचतेय. तिने बोल्ट खिडकीपाशी नेला, परत बघितलं. तिने विचारलं, तीन सहा आठ कुणाची, आणि विचारता विचारताच तिला उत्तर माहीत होतं. मंडळाची यादी माझ्या पिशवीतच होती. ताइस्तोची.

लेम्पी आतून एक डबा घेऊन आली. कॉफीचा पत्र्याचा डबा, त्यात तीन काडतुसं. ओइवाने ठेवली होती, का ते तिला माहीत नव्हतं. हेल्वीने एकेक उलटी करून बुड पाहिलं. बोल्टातली जी पिन आपटून काडतूस उडवते तिची खूण होती, पण नुसती टेकल्याची, ठोकल्याची नाही. दुसऱ्याचा बोल्ट केसभर आखूड, काडतूस पुढे सैल बसायचं, आणि थंडीत तेल घट्ट झालं की पिनचा जोर पुरायचा नाही. उन्हाळ्यात पुरायचा. तिने तेव्हा लेम्पीला काही सांगितलं नाही. रायफल आणि डबा दोन दिवसांसाठी मागितला आणि पाव न खाता निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोपडीवर आम्ही तिघं. ताइस्तो आपली जुनी रायफल कपाटातून काढून घेऊन आला होता, का ते न कळल्यामुळे कुरकुरत. हेल्वीने मेणबत्ती लावली, ताइस्तोच्या रायफलीतल्या बोल्टाच्या कानांना काजळी धरली, बंद केला, काढला. एका कानावरची काजळी साफ, दुसऱ्यावरची तशीच्या तशी. मग ओइवाच्या रायफलीतला बोल्ट काजळी लावून ताइस्तोच्या रायफलीत घातला. करंगळीने बंद झाला. दोन्ही कान सारखे पुसलेले. ताइस्तोने स्वतः बंद करून पाहिला, आणि दहा वर्षांनी त्याला आपल्या रायफलीची ओळख पटली.

मग हेल्वी ओइवाची रायफल, त्यात त्या रायफलीचाच खराखुरा बोल्ट आणि डब्यातली तीन काडतुसं घेऊन मागच्या टेकाडापाशी गेली. उणे चौदा होतं. त्याच तीन काडतुसांना आम्ही ओली म्हटलं होतं. पहिलं उडालं. दुसरं उडालं. तिसऱ्याला ती जरा थांबली आणि तेही उडालं. मला आठवतं, त्यानंतर कुत्री भुंकत होती आणि आम्ही तिघंही एकमेकांकडे न बघता जमिनीवरची रिकामी काडतुसं शोधत होतो.

झोपडीत परत आल्यावर ताइस्तोने कॉफी केली. तोच पहिला बोलला.

“बोल्ट बदलले, काम झालं. तुइरेला चांगली रायफल मिळेल. ओइवा तर गेला. आता कुणाला सांगून काय मिळणार?”

हेल्वी बोटांवरची काजळी पुसत होती.

“लोक म्हणतील हेल्वीचा हात गेला. दहा वर्षांपूर्वीच गेला होता, म्हणतील. अगं, झाकली मूठ ठेव.”

त्याला तिची काळजी होती, आणि थोडी स्वतःच्या विनोदाचीही असावी. मीही मान हलवली. मला वाटत होतं की गावात मिरवण्यासारखं एकच माणूस आहे, तेही कशाला घालवा. हेल्वीने फळीवरच्या बोल्टांकडे बघितलं.

“हात नाही गेला माझा,” ती म्हणाली. “हात तेव्हाही एवढंच सांगत होता: दोन्ही बोल्ट माझेच, दोन्ही गुळगुळीत. कुठला कुणाचा ते हाताने मी कसली ओळखते. नंबर कोरलाच होता ना मी स्वतः, त्यासाठीच. बघितला नाही, कारण तुम्ही टाळ्या वाजवायचात.”

शनिवारी मेजवानी. ज्यांच्या जंगलात आम्ही शिकार करतो त्या सगळ्यांना आणि गावाला मूसचं सूप, राईचा पाव, कॉफी. समाजमंदिरात सव्वाशे माणूस. अध्यक्षाने आभार मानले, जंगलाचे, जमीनमालकांचे, कुत्र्यांचे. कुत्र्यांना सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मग हेल्वी उभी राहिली. चाळीस वर्षांत ती मंडळात एकदाही उभी राहून बोलली नव्हती, त्यामुळे लोकांना वाटलं आग लागली.

“ओइवा काडतूस भरायला विसरला नव्हता,” ती म्हणाली. “त्याची काडतुसं ओली नव्हती. त्याच्या रायफलीत ताइस्तोचा बोल्ट होता आणि तो मी घातला होता. नंबर न बघता. ओइवा माझ्याकडे आला होता, तेव्हाही मी बघितला नाही. तीनदा त्याची रायफल उडाली नाही ती माझ्यामुळे. काल त्याच काडतुसांनी उडाली. सेक्रेटरी होता तिथे.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो, हो म्हणालो आणि बसलो. माझं भाषण एवढंच.

“आणि अजून एक,” हेल्वी म्हणाली. “नव्या रायफलीत हे झालंच नसतं. तिच्यात कुणाचाही बोल्ट बसतो. वीस वर्षं मी तिला डबा म्हणत आले. ती बनवणाऱ्याला माहीत असावं की माझ्यासारखी माणसं असतात.”

मला ताइस्तो दिसत होता. त्याचा विनोद त्या वेळी खोलीतल्या प्रत्येकाला आठवत होता आणि ते त्याला कळत होतं. तो उठला, टोपी काढली, आणि लेम्पीकडे तोंड करून नुसता उभा राहिला.

लेम्पी सुपाच्या मोठ्या पातेल्यापाशी होती, हातात डाव. तिने तो खाली ठेवला.

“तो मला दर शरदात सांगायचा,” ती म्हणाली. “मी भरलं होतं गं लेम्पी, म्हणायचा. मी म्हणायचे, असू दे आता, होतं वयामुळे.”

मग ती रडायला लागली, आणि हेल्वी सगळं समाजमंदिर ओलांडून तिच्यापर्यंत गेली. दोघी काय बोलल्या ते कुणी ऐकलं नाही. आमच्याकडे अशा वेळी लोक सूप प्यायला लागतात. आम्ही प्यायलो.

त्याच संध्याकाळी हेल्वीने मंडळाला आपला निर्णय सांगितला. तिचा चार नंबरचा ठिय्या सोडला. सात नंबर, जो ओइवानंतर वर्षागणिक कुणालाही दिला जात होता, तो तुइरेला द्यावा, तिच्या बापाच्या रायफलीसह. आणि स्वतः आठ वर्षं सूप बघेन म्हणाली. अध्यक्ष म्हणाला, अगं, तुला शिक्षा कुणी दिली? ती म्हणाली, त्याला कुणी दिली होती?

तुइरेने पहिल्याच हंगामात सात नंबरवर एक मादी पाडली. एकच गोळी. हाक्यावरून परतताना सगळे तिच्या पाठीवर थाप मारत होते आणि ताइस्तो तिची पिशवी वाहत होता. त्याची नवी आता कपाटात असते. तो जुनी घेऊन फिरतो आणि बोल्ट करंगळीने बंद करून दाखवतो. हेल्वी मात्र आता नवीला काही म्हणत नाही. हंगामाच्या शेवटच्या दिवशी ती अजूनही सगळे बोल्ट पुसते. चष्मा लावते, दांडी उलटी करते, नंबर मोठ्याने वाचते आणि मी यादीत खूण करतो. पाहुणे आले तर त्यांना आम्ही आता हेच दाखवतो, आणि मला त्या डोळे मिटण्यापेक्षा याचा जास्त अभिमान वाटतो.

ती बहात्तर वर्षांची आहे. गुडघे दुखतात, पण नजर ठीक आहे, आणि अजूनही तिच्याइतका नेम मंडळात दोघांचाच असेल. गेल्या शरदात चार वर्षं पुरी झाली तेव्हा आम्ही ठरवलं की बस झालं. लेम्पीनेच विषय काढला होता. मी रीतसर ठराव मांडला की हेल्वी कुर्विनेन यांनी ठिय्यावर परत यावं. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत झाडून सगळे जमलो होतो, आणि सगळ्यांचे हात वर गेले, लेम्पीचाही.

हेल्वीने हातांकडे बघितलं. तिच्या हातात अर्धा सोललेला बटाटा होता.

“ओइवाला चार वर्षांनी परत बोलवायला कुणी आलं होतं का?” तिने विचारलं.

एकेक करून हात खाली आले, आणि मी ठराव नामंजूर म्हणून लिहिला.